पिठल्यानंतरचं गोड

बाबा गेले त्या आठवड्यात ॲन आर्बरमधल्या माझ्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये इतकं पिठलं जमा झालं, की फ्रीजचं दार लागेना. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारच्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा, ही आपली रीत. वाईला आमच्या आळीत हे एकमेकींना विचारून व्हायचं, आज तुमचं, उद्या आमचं. अमेरिकेत विचारायला कुणाला वेळ नव्हता. त्यामुळे गावातली सगळी मराठी घरं आपापल्या सोयीने, कुणी लॅबमधून परतताना, कुणी ग्रोसरीला जाताना, एकेक डबा पोचवून गेली. नागपूरचं जाळ पिठलं, पुण्याचं चिमूटभर साखर घातलेलं पिठलं, मुंबईच्या विद्यार्थ्यांनी केलेलं गुठळ्यांचं पिठलं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून, मार्जरिनच्या डब्यांतून, आणि एक तर चक्क काचेच्या कॅसरोलमधून. त्या कॅसरोलबरोबर 'भांडं सावकाश दिलंस तरी चालेल' असंही सांगून झालं, म्हणजे लवकर दे.

मी एकटी बाई, किती पिठलं खाणार? शेवटी बर्फात पाय रोवत जाऊन थोडं कचऱ्यात टाकलं आणि अन्नाला नमस्कार केला. माणसं वाईट नव्हती. दारात उभं राहून प्रत्येकाने विचारलं, काही लागलं तर सांग हं. मला काही लागत होतं, पण ते सांगून मिळणारं नव्हतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तो आदल्या शरद ऋतूत. फोन आला तेव्हा मी बिल्डिंगच्या तळघरात कपडे धूत होते. शेजारची मुलगी धावत बोलवायला आली. दादाशी बोलून मी परत खाली गेले, कारण कपडे मशीनमध्ये होते, आणि त्या गरगरणाऱ्या मशीनसमोर उभी राहून मी नवस बोलले. बाबा उठून चालायला लागेपर्यंत दुधाला, तुपाला, दह्याला शिवणार नाही. मी सिरॅमिक्समध्ये संशोधन करणारी, तापमान आणि दाब यांच्यापलीकडे कशावर विश्वास न ठेवणारी बाई. पण वेळ आली की आई-आजीचं रक्त बोलतं. कोणत्या देवाला बोलले तेही ठरवलं नव्हतं. गणपती, कृष्णामाई, जो कोण मिशिगनपर्यंत ऐकू शकत असेल तो.

अंडं मी कधीच खात नव्हते. दूधही गेल्यावर त्या काळच्या अमेरिकेत माझ्यासाठी गोड असं काही उरलंच नाही. आज अशा खाण्याला व्हीगन म्हणतात, त्याची वेगळी दुकानं असतात. तेव्हा तो शब्द मी ऐकलेला नव्हता. विद्यापीठाच्या कॅफेटेरियात मी काळी कॉफी आणि सफरचंद घेऊन बसायची. लोकांना वाटायचं, बाई डाएट करतेय. नवस केलाय म्हणून कुणाला सांगू? सहकाऱ्यांना कळला नसता, आणि मराठी लोकांना नको इतका कळला असता.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. मी निघते म्हटलं. तो म्हणाला, "तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल गं. आणि आत्ता आलीस आणि परत जायचा व्हिसा अडकला तर? तूच म्हणत होतीस ना? आईला मी बघतो. तू तिथेच राहा." त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच बरोबर असतं. मी रिसीव्हर ठेवला आणि त्या खोलीत मला सुतक लागलं.

आता सुतकाचं असं असतं, की पिठलं कुणीही आणावं, गोड मात्र कुणीही आणत नाही. तेराव्यानंतर जवळच्या माणसांनी गोडधोड करून आणायचं, दुःखातल्या माणसाला समोर बसवून, आग्रह करून, पहिला घास भरवायचा. तोंड गोड करायचं. तो घास पोटात गेला की माणूस पुन्हा सणावाराला, हसण्याबोलण्याला मोकळा. हे गोड आपल्या हाताने करून आपणच खाल्लं तर त्याला काही अर्थ नाही. मागून आणलेल्यालाही नाही. दुसऱ्याच्या हाताने, त्याच्या मनाने आलं पाहिजे. लग्न झालेलं असतं तर माहेरचं सुतक तीन दिवसांत फिटलं असतं. तेवढ्यासाठी तरी लग्न करायला हवं होतं, असं मला त्या दिवसांत गंभीरपणे वाटून गेलं.

तेराव्या दिवशी मी लॅबमधून सुटी घेतली. न्हायले, खोली पुसली, सुती साडी नेसले. बाहेर उणे किती तरी तापमान, आणि मी आत साडी नेसून पाहुण्यांची वाट बघत बसलेली. बसायला खुर्च्या दोनच होत्या, म्हणून पलंगावर चादर घातली. दुपार झाली. एक फोन आला, तो गालिचे धुऊन देणाऱ्या कंपनीचा होता. साडेपाचनंतर अंधार पडायला लागला तेव्हा मी म्हटलं, लोक कामावरून सुटून येतील. सात वाजता म्हटलं, जेवून येतील. मग साडी बदलली आणि फ्रीजमधलं उरलेलं पिठलं गरम करून खाल्लं.

त्याच आठवड्यात आईशी बोलणं झालं. लाइनवर खरखर होती. आईने रडून घेतलं, दादाच्या तक्रारी सांगितल्या, आणि मग विचारलं, "तुझं तोंड गोड केलं का गं कुणी?"

"केलं ना. सगळे आले होते."

"बरं झालं. परक्या देशात माणसं आहेत म्हणायची." तिचा आवाज जरा सावरला. तेवढ्यासाठी तसं बोलणं मला रास्तच वाटलं.

पण तोंड काही गोड झालेलं नव्हतं, आणि मी हट्टी आहे. साखर बंद केली. काळी कॉफी अधिकच काळी झाली. विद्यार्थी पिकनिकला बोलवायचे, गुढीपाडव्याला काकू बोलवायच्या, मी काम आहे म्हणायची. लोकांनीही मग बोलावणं सोडलं. दुखवट्यातल्या माणसाला फार त्रास देऊ नये, असा त्यांचा समजूतदारपणा. कधीकधी समजूतदारपणाचाही राग येतो.

मेमध्ये माझ्या प्राध्यापकांनी मला ओसाकाला पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका प्रयोगशाळेत आमच्याकडे नसलेली भट्टी होती, माझे नमुने तिथे भाजून मोजायचे होते. आमच्या बिल्डिंगची देखभाल करणारा गृहस्थ पूर्वी मोटारींच्या कारखान्यात होता, आणि कारखान्याने त्याला घरी बसवलं होतं. जपानला चालले म्हटल्यावर तो माझ्या हीटरवरून मान वर न करता म्हणाला, "आमच्या नोकऱ्या दिसल्या तर परत घेऊन ये." मी हसले. तो हसला नाही.

ओसाका हे अवाढव्य शहर. ॲन आर्बरमध्ये रस्त्यावर माणूस दिसला तर आपण हॅलो म्हणतो, इथे हॅलो म्हणायला लागले असते तर जन्म पुरला नसता. मी एकटी होतेच, पण इथे एकटं असायला निदान कारण होतं. भाषा येत नाही, वाचता येत नाही, ओळखीचं कुणी नाही. त्या कारणाचा मला इतका आधार वाटला, की पहिले चार दिवस मी बऱ्यापैकी सुखात होते.

जेवणाचं विचारू नका. मासा नाही असं पाणीसुद्धा तिथे नसावं. भात, लोणची, तीळ, आणि मी नेलेल्या चटण्या यांवर माझं चाललं होतं. पण दुकानांच्या काचांमधून दिसायची ती मिठाई. कॉफीच्या दुकानांबाहेर मेणाचे नमुने मांडलेले असत, स्ट्रॉबेरीचा केक, कॅरॅमलचं पुडिंग, उंच पेल्यात हिरवं सरबत आणि वर आइस्क्रीम. बोट दाखवायचं की ते येतं. पण तुझ्यात दूध आहे का, हे मेणाला विचारता येत नाही.

प्रयोगशाळेत एक सहायक होती, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बिनलग्नाची, आणि मी जितकं मोडकं जपानी बोलायची तितकंच मोडकं इंग्रजी बोलणारी. मी तिला म्हटलं, मला ज्यात दूध, लोणी, साय, अंडं काही नाही असं गोड शोधायचंय. तिने कारण विचारलं नाही. एका कार्डावर सुबक अक्षरात सगळं लिहून दिलं.

ते कार्ड घेऊन मी रोज संध्याकाळी भट्टी बंद झाल्यावर शहरात हिंडायला लागले. दुकानदार कार्ड दोन्ही हातांनी घेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत, आत जाऊन कुणाला तरी विचारून येत. एकाने कार्ड परत देताना इतकी मनापासून मान झुकवली, की मला वाटलं हा सांत्वनच करतोय. केकवाल्यांकडे सगळीकडे नकार. मग एका गल्लीत जुन्या पद्धतीच्या मिठाईचं दुकान सापडलं, आणि तिथल्या बाईंनी कार्ड वाचून जवळजवळ सगळ्या पेट्यांकडे हात केला.

मी बघत राहिले. आपल्या लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, आणि ते तांदळाच्या मऊ पांढऱ्या पारीत भरलेलं. म्हणजे मोदकच, फक्त कळ्या काढायचा कंटाळा केलेला. त्याच पुरणाच्या चायना ग्रास घालून घट्ट केलेल्या तकतकीत काळपट वड्या. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेले थरथरणारे तुकडे, ज्यांचा वास थेट सातूच्या पिठासारखा. हजारो मैलांवर कुणी तरी दुधातुपाशिवाय गोड करून ठेवलंय, आणि त्याला त्याचं काही विशेषही वाटत नाही, हे पाहून मला एकदम गहिवरून आलं. बाईंनी विचारलं असावं, किती देऊ? मी नको म्हणून मान हलवली आणि बाहेर आले.

कारण मी शोधत होते, खात नव्हते. माझं गणित असं होतं, की आपण आधी शोधून ठेवावं, म्हणजे उद्या कुणी देतो म्हणालं तर चटकन सांगता येईल, हे बघा, हे मला चालतं. देणाऱ्याची अडचण नको. देणारा कोण, हे मात्र मी मनाला विचारलं नाही. वेड लागलेल्या माणसालासुद्धा आपलं गणित बरोबरच वाटतं.

एका रविवारी मी स्टेशनाजवळच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळमजल्याखाली गेले. तिथे अख्खं तळघर खाण्याच्या वस्तूंचं. गर्दी, आरोळ्या, आणि प्रत्येक काउंटरपुढे एप्रन बांधलेली मुलगी टूथपिकवर चवीपुरता तुकडा टोचून येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे धरत होती. मी एका मिठाईच्या काउंटरपुढे थबकले. त्या काळपट वड्या मी आता लांबूनही ओळखत होते. मुलीने एक तुकडा माझ्यापुढे केला, खाली दुसऱ्या हाताचा तळवा धरून, म्हणजे पडू नये. हसून काही तरी म्हणाली. घ्या, घ्या, असंच असणार.

दुधाविना गोड होतं. माझ्या हाताचं नव्हतं. मी मागितलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या हाताने, आग्रहाने समोर आलेलं होतं. मी टूथपिक घेतली आणि बाजूच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. हे चालेल का? वाईचे आमचे गुरुजी काय म्हणाले असते? गुरुजी म्हणाले असते, चालेल, दक्षिणा ठेवा. आई म्हणाली असती, वेडी आहेस का? मी मागे वळून पाहिलं. ती मुलगी एका शाळकरी पोराला तुकडा देत होती, मग एका म्हाताऱ्याला, मग दोन बायकांना, प्रत्येकाला तोच तळवा, तेच हसू. तिचं काय चुकलं? तिचं कामच होतं ते. पण माझे बाबा गेले होते, आणि हे तिला माहीत नव्हतं. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातचं कसं चालेल?

मी तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि हॉटेलवर येऊन भरपूर रडले. फेब्रुवारीत रडले नव्हते इतकी.

निघायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेने मला निरोप दिला. सहायक मुलगी नेमकी आईवडिलांकडे गावी गेली होती. बाकीच्यांनी बैठकीच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घातलं, चहा मांडला. मग तिथले वयस्कर प्राध्यापक, बाबांच्याच वयाचे, तसेच किरकोळ अंगाचे, स्वतः आतून एक बशी घेऊन आले. पाहुणी अमेरिकेहून आलीय म्हणून त्यांनी मुद्दाम स्टेशनाजवळच्या नावाजलेल्या दुकानातून केक मागवला होता. चार बोटं साय, त्यावर स्ट्रॉबेरी. त्यांनी बशी दोन्ही हातांत धरली, वाकले, आणि सावकाश जुळवलेल्या इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या वडिलांबद्दल तुमच्या प्राध्यापकांनी कळवलं होतं. इतक्या दुःखात तुम्ही इतकं काम केलंत. हे कृपा करून घ्या."

त्यांना माहीत होतं. इतके दिवस त्यांनी एका शब्दानं दाखवलं नव्हतं. मला हवं होतं ते सगळं त्या बशीत होतं. माणूस, वय, हात, जाणीव, आग्रह. आणि चार बोटं साय.

मी बशी घेतली. चमचा तोंडाजवळ नेला. सायीचा वास आला आणि हात तिथेच थांबला. बाबा अजून चालायला लागले नाहीत, असं माझ्या मनात आलं. अगदी ह्याच शब्दांत. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. ते लगेच हळहळले, कुणी तरी औषध आणायला धावलं, आणि केक खोक्यात घालून त्यांनी माझ्या हातात दिला, संध्याकाळी बरं वाटलं तर खा म्हणून. हॉटेलच्या टेबलावर रात्रभर तो होता. सकाळी साय एका बाजूला बसली होती. मी तो तसाच ठेवून विमानतळावर गेले, आणि सबंध प्रवासभर त्या भल्या माणसाचे वाकलेले खांदे माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

जपानहून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही, म्हणून त्या गल्लीतल्या दुकानातून मी काळपट वड्यांचा एक मोठा खोका घेतला होता. ॲन आर्बरला पोचल्यावर नागपूरच्या काकूंचा फोन आला. काकू म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या रहिवासी, काका हॉस्पिटलात डॉक्टर. आमच्या मराठी घोळक्याचं मुख्यालय त्यांचं बेसमेंट. "रविवारी सगळे जमतायत. तू येणार आहेस. आता बस झालं तुझं काम काम." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण खोक्याचं एकटीने काय करणार होते?

तिथे पुण्याच्या वहिनी आणि त्यांचे संख्याशास्त्रात पीएचडी करणारे यजमान होते, गुठळ्यांचं पिठलं करणारे विद्यार्थी होते, काकूंची दोन मुलं टीव्हीसमोर होती. जून महिना, उघड्या दारांतून गवत कापल्याचा वास. मी खोका उघडला, वड्या कापल्या, बशा फिरवल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. एक विद्यार्थी म्हणाला, "यार, ही तर आजीच्या पुरणाची बर्फी आहे!" मुलांनी एक घास खाऊन "इट्स बीन्स!" म्हणत बशा खाली ठेवल्या.

"आणि तुझी बशी?" काकूंनी विचारलं.

"मला नको."

"का? शुगर निघाली का काय? काकांना दाखव."

"नाही हो काकू. माझं गोड झालं नाहीये ना अजून."

मी हे बोलणार नव्हते. चार महिने बोलले नव्हते. पण ते इतक्या सहज बाहेर पडलं, जणू कुणी बसची वेळ विचारली होती. टीव्हीत कुणी तरी हसत होतं.

काकू वहिनींकडे वळल्या. "म्हणजे? तू नव्हती गेली हिच्याकडे तेराव्याला?"

"मी?" वहिनींचा चेहरा पडला. "मला वाटलं, काकू, तुम्ही जाल. तुम्ही सीनियर. तुमच्या आधी मी कशी जाणार? मी तर ह्यांना म्हटलंसुद्धा, काकूंनी नक्की प्लॅन केलं असेल, आपण मध्ये मध्ये नको."

"अगं, तुम्ही पुण्याकडचे! वाई तुमच्या बाजूची. जवळचं कोण, तुम्ही का आम्ही? मी काकांना म्हटलं, आपण नागपूरवाले उगाच पुढं पुढं करून राहिलो असं नको वाटायला त्यांना."

मग दोघी विद्यार्थ्यांकडे बघायला लागल्या. त्यातला मोठा घाबरून म्हणाला, "काकू, आम्ही बॅचलर लोक. ते फॅमिलीवाल्यांनी करायचं असतं ना? आई म्हणते."

असं होतं तर. पिठल्याला मान नसतो, म्हणून ते सगळ्यांनी आणलं. गोडाला मान असतो, म्हणून प्रत्येकाने तो दुसऱ्यासाठी ठेवला. मी साडी नेसून बसले होते त्या संध्याकाळी गावातली सगळी घरं आपापल्या घरी बसून, दुसरं कुणी तरी माझ्याकडे गेलंय या समाधानात होती. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता काकूंचा चेहरा पाहिला. त्या रडत होत्या. इतर वेळी सगळ्यांना दटावणारी ती बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. "तू एक फोन नाही केला गं पोरी," म्हणाल्या, आणि मग स्वतःच, "कसा करणार म्हणा."

मी काही म्हणायच्या आत त्या वर स्वयंपाकघरात गेल्या. पाठोपाठ वहिनी. मीही गेले. काकूंनी कढई ठेवली होती, त्यात तुपाचा गोळा विरघळत होता. रवा पडला, खरपूस वास सुटला. वहिनींनी फ्रीजमधून दुधाचा तो गॅलनचा प्लास्टिकचा कॅन काढला आणि भांड्यात दूध तापायला ओतलं.

मला थांबवता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, मला दूध चालत नाही, खाली माझ्या वड्या आहेत, त्यातलीच एक द्या. काकूंनी कारण न विचारता दिली असती. नवस राहिला असता, तोंडही गोड झालं असतं. ज्यासाठी ओसाकाच्या गल्ल्या तुडवल्या ते जिन्याच्या पायऱ्या उतरण्याइतकं जवळ होतं. शब्द माझ्या ओठांवर होते. आणि तेव्हा, कढईत दूध चर्रकन पडत असताना, मला समजलं, की मी इतके महिने काय सांभाळत होते. नवस बाबा चालायला लागेपर्यंत होता. मी दूध सोडलेलं होतं तोवर बाबा वाईला खाटेवर होते. आजारी होते, उठायचे होते. दादाने सांगितलं, आईने सांगितलं, मी ऐकलं, पिठलं खाल्लं, सुतक पाळलं. बाबा गेले हे मानलं मात्र नव्हतं.

मी काही बोलले नाही.

काकूंनी शिरा बशीत काढला, वर काजू लावला. मला डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसवलं. खालून सगळे वर आले होते आणि दाराशी दाटीने उभे होते, काकांनीसुद्धा टीव्ही बंद केला होता. काकूंनी चमचा भरला, फुंकर मारली, आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं.

शिरा गरम होता. तुपाची, दुधाची चव जिभेवर पसरली. मी घास गिळला.

"गोड बरोबर झालंय का गं?" काकूंनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी दुसरा चमचा भरला, आणि मग बशीच माझ्या हातात दिली. मी खात राहिले. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती, आणि बाबा नव्हते.